गॅरंटीचं काळवीट

टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या मराठी मंडळात डॉ. नीलांबरी वैरागडे यांच्याबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. एक म्हणजे बाईंच्या नाकावर राग असतो, आणि दुसरी म्हणजे बाई शिकारीला जातात. पहिलीचं कुणाला नवल नव्हतं. नागपूरच्या उन्हात वाढलेली आणि जन्मभर लोकांचे आजार सूक्ष्मदर्शकाखाली धरून बघितलेली पॅथॉलॉजिस्ट गोड बोलेल कशाला? दुसरी मात्र नव्याने आलेल्यांच्या पचनी पडायला वेळ लागायचा. गणपतीच्या आरतीला टाळ वाजवणाऱ्या या काकू नोव्हेंबरात नारिंगी जाकीट चढवून पूर्व टेक्सासच्या सरकारी जंगलात रायफल घेऊन बसतात, हे ऐकून माणसं आधी हसत, मग गप्प होत, आणि मग हळूच विचारत, रस्सा कधी आहे? हरणाच्या त्या सावजी रश्श्यासाठी गुरुवार पाळणारी मंडळी बुधवारीच येऊन जेवून जात.

ही विद्या तिला वँडाने दिली होती. वँडा म्हणजे एका लहानशा गावातल्या हॉस्पिटलच्या लॅबमधली तिची सहकारी. नीलांबरी तिथे पहिल्या नोकरीला लागली तेव्हा कॅन्टीनमध्ये एकटी बसायची, आणि वँडाने तिला एका रविवारी सरळ जंगलात नेलं. वँडाचे नियम साधे होते. नेम पक्का नसेल तर गोळी घालायची नाही. घातली आणि जनावर जखमी झालं, तर ते सापडेपर्यंत घरी जायचं नाही. आणि ज्याने मारलं त्यानेच जनावराचं पोट फाडायचं, दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही. नीलांबरीला हे पटलं. तिच्या घरी मटण सगळेच खात, पण बोकडाकडे बघायला कुणी तयार नसे, याची तिला लहानपणापासून चीड होती.

नवरा, अरुण, कधी जंगलात गेला नाही. ती परत आली की चहा करून द्यायचा आणि विचारायचा, "आज कोण जिंकलं?" बहुतेक वेळा हरीणच जिंकलेलं असायचं. अरुण गेला, त्यानंतरही ती जात राहिली. गेले तीन हंगाम तिला काही मिळालं नव्हतं. उजव्या डोळ्याच्या पडद्याने दगा द्यायला सुरुवात केली होती, सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या होत्या. या जानेवारीत हंगाम संपला तेव्हा तिने स्वतःलाच सांगून टाकलं की हा शेवटचा. त्या शेवटच्या संध्याकाळी एक मोठा नर झाडीच्या कडेला आला होता. तिने रायफल उचलली, रेघ वाकडी दिसली, आणि तिने ती खाली ठेवली. नराने मान वर केली, वारा हुंगला आणि तो निघून गेला. घरी येताना ती गाडीत गुणगुणत होती. इतका चांगला शेवट झाला होता, तो तसाच राहायला हवा होता.

पण मुलाला, मिहीरला, फक्त रिकामे हात दिसले.

फेब्रुवारीत तिची सत्तरी होती. मिहीर आणि त्याची बायको सावनी तिला जेवायला बाहेर घेऊन गेले, आणि गुलाबजाम वाटीत पडताच मिहीरने फोन तिच्यासमोर धरला. फोनवर एक काळवीट होतं. पाठ काळीभोर, पोट पांढरं, शिंगं पिळदार. ते कॅमेऱ्याकडे बघत होतं.

"हॅपी सत्तरी, आई," मिहीर म्हणाला. "हे तुझं. देवदत्तच्या रँचवर बुक केलंय. हिल कंट्रीत आहे, चार तासांचा ड्राइव्ह. हंड्रेड परसेंट गॅरंटी."

"कशाची गॅरंटी?"

"मिळण्याची. रिकामं यायचं टेन्शनच नाही."

देवदत्त म्हणजे मंडळाचा माजी खजिनदार. आयटीतून मिळवलं ते त्याने जमिनीत घातलं, जमिनीभोवती आठ फुटी जाळी घातली आणि आत जगातली शिंगवाली जनावरं आणून सोडली. लोक येत, फोटो बघून जनावर निवडत, सकाळी मारत आणि दुपारी जेवून जात. नीलांबरी त्याला गेली काही वर्षं टाळत होती.

"ही शिकार नाही, मिहीर. हा कसाईखाना आहे, फक्त कसाई पैसे देऊन आत येतो."

"यार आई, इतकं प्रेमानं केलंय."

"आम्ही मुद्दाम काळवीट सिलेक्ट केलं," सावनी म्हणाली. "आपल्याकडचं म्हणून. आणि तिथेच औक्षण करायचं ठरवलंय, सत्तर कणकेच्या दिव्यांनी. मी सगळं घेऊन येणार आहे."

आता या पोरांवर चिडायचं तरी कसं? आईची सत्तरीची शांत आणि काळविटाचा मुडदा एकाच दिवशी, एकाच बुकिंगमध्ये बसवणारी माणसं जगात आणखी कुठे असतील की नाही देव जाणे, पण ही दोघं तिच्यासमोर हसऱ्या चेहऱ्याने बसली होती आणि त्यांना त्यात काही खटकत नव्हतं. भारतात या जनावराला हात लावला तर माणूस तुरुंगात जातो, हे नीलांबरीने सांगितलं. मिहीर म्हणाला, "म्हणूनच तर. तिथे तुला कधी मिळालं असतं?"

सावनी शाकाहारी होती. तिने शांतपणे विचारलं, "आई, रागावू नका, पण हरणाला काय फरक पडतो? तुमच्या जंगलात मेलं काय, जाळीत मेलं काय. मेलं ते मेलंच ना?"

हा प्रश्न नीलांबरीला लागला, कारण तो खरा होता आणि तिच्याकडे त्याचं तयार उत्तर नव्हतं. "हरणाला नसेल पडत," ती फणकारली. "मारणाऱ्याला पडला पाहिजे." पण आपलं उत्तर अर्धंच आहे हे तिला बोलतानाच कळलं, आणि त्यामुळे ती जास्तच चिडली.

शेवटी ठरलं ते असं, की ती येईल, औक्षण करून घेईल, पण मारायचं वचन देणार नाही. मिहीर लगेच कबूल झाला. आई एकदा तिथे आली की विरघळेल, असा त्याचा हिशेब असणार. आणि खोटं कशाला बोला, निघायच्या सकाळी तिने कुलपातली रायफल काढून गाडीत ठेवली, तेव्हा तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. एक शेवटचं हरीण. मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात ही हाव बसली होती, आणि त्या हावेवरही तिचा राग होता.

देवदत्त फाटकाशीच उभा होता. नवी कोरी हॅट, खाली नवे बूट. "या या काकू," म्हणत त्याने वाकून नमस्कार केला. लॉज म्हणजे लाकडी बंगला होता आणि भिंतीवर भुसा भरलेली मुंडकी होती. त्या मुंडक्यांखाली टेबलावर सावनी परात मांडून कणकेचे दिवे ओळीने लावायला बसली. "तुम्ही जाऊन या," ती म्हणाली, "मी वाती करते."

देवदत्त पिकअप चालवायला बसला, मिहीर आणि नीलांबरी मागे चढले. पिकअपच्या मागच्या भागात उंच बाक होता आणि पुढे रायफल टेकवायला कापड गुंडाळलेला दांडा. म्हाताऱ्या माणसालाही नेम धरता यावा अशी सोय. नीलांबरीने आपली रायफल भरून त्यावर टेकवली. गवत कातरल्यासारखं सपाट होतं आणि जिकडे नजर टाकावी तिकडे शेवटी जाळी दिसत होती. नीलांबरीने वाऱ्याची दिशा बघायला गवताची चिमूट उडवली, सवयीने. देवदत्त हसला.

"त्याची गरज नाही काकू. इथे वारा कुठूनही असू दे."

त्याने माळाच्या मधोमध गाडी थांबवली आणि हॉर्न वाजवला. दोनदा, लांबलचक. दूरच्या ओकच्या सावलीतून माद्या उठल्या, बदामी रंगाच्या, आणि त्यांच्यामागून तो काळा नर. ज्या आवाजाने जनावर पळतं, तोच आवाज नीलांबरी जन्मभर ऐकत आली होती. इथे जनावरं हॉर्नच्या दिशेने धावत येत होती. देवदत्तने खाली उतरून मागच्या डब्यातला मका मुठीने उधळला.

"कुत्र्यासारखी येतात," मिहीर कौतुकाने म्हणाला.

नीलांबरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि आता तोंड उघडलं तर काय निघेल याचा तिला भरवसा नव्हता. नर मका टिपत इतका जवळ आला की चांगल्या डोळ्याने तिला त्याच्या पापण्या दिसत होत्या. आणि कानाला पडलेलं भोक. गोल, ताजं.

"कानाला काय झालं?"

"टॅग होता. काल काढला. फोटोत बरा दिसत नाही ना," देवदत्त म्हणाला. आणि पुढे अभिमानाने, "हा एकदम हेल्दी आहे काकू. आईने टाकला होता, तर आम्ही बाटलीवर वाढवलाय. किचनमध्ये फिरायचा. बघा काय शिंगं आलीत."

"बाटलीवर वाढवलास."

"हो ना. माझ्या हाताने."

"आणि विकलास."

देवदत्तचा चेहरा जरा उतरला, पण हे बोलणं त्याने याआधीही ऐकलं असावं, कारण उत्तर तयार होतं. "काकू, तुम्ही पण मारताच की. तुमचं हरीण बिचारं ओळखपाळख नसताना मरतं, माझं निदान खाऊनपिऊन मरतं. लोक मारायला पैसे देतात म्हणून मी पाळतो, पाळतो म्हणून हे आहेत. मी बंद केलं तर हे कुठे जाणार? इंडियाला?"

"माझ्या हरणाला मी आवडत नाही," नीलांबरी म्हणाली, आणि जेवणाच्या टेबलावर अर्धं राहिलेलं उत्तर तिला आता पुरं सुचलं. "तिथे त्याला माझी भीती वाटते, आणि वाटते ते बरोबर आहे. चाळीस वर्षांत मी एकाही हरणाला फसवलं नाही. तू याला फसवलंयस. जन्मापासून रोज, दोन वेळा, मका घालून." ती उठली. "मिहीर, चल. मी याला मारणार नाही."

"आई, बुकिंग परत होत नाही."

"नको होऊ दे."

"पॉइंट तो नाहीये काकू," देवदत्त म्हणाला. "तुम्ही नाही मारलात तर शनिवारी ह्यूस्टनहून ग्रुप येतोय. हा त्यांना जाईल. याचं व्हायचं ते होणारच. मिहीर, तूच घे ना मग. आईच्या नावाने."

नीलांबरीला वाटलं, मिहीर हसून सोडून देईल. तो आयुष्यात एकदाच तिच्याबरोबर जंगलात आला होता, पंधरा वर्षांचा असताना, आणि थंडीने कुरकुरत परत आला होता. पण तिने त्याच्याकडे पाहिलं तर त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी त्याने केलेल्या कागदाच्या होडीत तिने चूक काढली की असेच व्हायचे.

"तुला काही दिलं की असंच असतं," तो म्हणाला. "काही बरोबरच नसतं. तीन वर्षं तू रिकामी येतेस, मी बघतो ना. तुला शेवटचं मिळावं म्हणून मी किती... सोड." आणि त्याने दांड्यावर टेकवलेली तिची रायफल ओढली.

"खाली ठेव. तुला येत नाही."

"एवढ्या जवळून कुणालाही येईल."

"मिहीर."

गोळी सुटली. माद्या चेंडूसारख्या उड्या मारत जाळीपर्यंत पळाल्या आणि तिथे थांबल्या, कारण त्यापुढे जागाच नव्हती. नराची पाठ कमानीसारखी वर आली. तो पडला नाही. त्याचा मागचा भाग खाली वाकला होता आणि पोटाच्या पांढऱ्या केसांतून हिरवट लाल ओघळ आला. नीलांबरीला पाहताक्षणी कळलं. आतड्यात लागली होती. असं जनावर लवकर मरत नाही. जंगलात ते पळतं, झाडीत शिरतं, पाण्याच्या बाजूला जातं, आणि मारणाऱ्याला चिखलात गुडघे टेकून त्याचा माग काढावा लागतो. पुढच्या चार उड्या कुठे पडतील हे बघायला ती आपसूक जाळीकडे वळली.

तो जाळीकडे गेला नाही. तो वळला आणि पिकअपकडे यायला लागला. हळूहळू, मागचे पाय ओढत, मान पुढे काढून. देवदत्तने एक पाऊल मागे घेतलं. मिहीर रायफल धरून नुसता उभा होता.

नीलांबरीने ती त्याच्या हातातून हिसकावली आणि बाकावरून खाली उतरली. गुडघे दुखले. नर तिच्यासमोर येऊन थांबला, हात लांब केला तर नाकाला लागेल इतका जवळ, आणि त्याने तिची मोकळी मूठ हुंगली. आत काही आहे का ते बघत होता. वाकड्या दिसणाऱ्या डोळ्याने आता काही बिघडत नव्हतं. इतक्या जवळून नेम धरावा लागत नाही. तिने त्याच्या खांद्याच्या मागे नळी टेकवली आणि चाप ओढला.

तो पडला. माळावर पुन्हा शांत झालं. जानेवारीतल्या त्या संध्याकाळी झाडीत निघून गेलेला नर ही तिची शेवटची शिकार होती, ती आता राहिली नाही. शेवटची ही. हे तिला कुणी सांगायला नको होतं, आणि ते कधी पुसता येणार नव्हतं.

"ग्रेट शॉट काकू," देवदत्त म्हणाला. त्याला दुसरं काय बोलावं सुचलं नसेल. तो गाडीतून पाण्याचा कॅन आणि ब्रश काढायला लागला. "आपण जरा क्लीन करू, मग फोटो. स्किनिंग वगैरे पॅकेजमध्ये आहे, माझी माणसं करतात."

"पाणी मारू नकोस त्याच्यावर."

"काकू, फोटोला..."

"देवदत्त, तू गाडीत जाऊन बस. आत्ता तू माझ्यासमोर उभा राहू नकोस." तिचा आवाज चढला नव्हता, पण तो गेला आणि दारही लावून घेतलं. नीलांबरीने कमरेची सुरी काढली आणि मूठ मिहीरच्या बाजूला करून पुढे धरली.

"आई, शेवटची गोळी तुझी होती," मिहीर पुटपुटला.

ते खरं होतं आणि बरोबर वर्मी बसलं. "माझी होती," ती म्हणाली. "ती घालावी लागली, कारण पहिली तुझी होती. खाली बस."

"मला येत नाही."

"गोळी घालता येत नव्हती, ती घातलीस ना?"

तो बसला. ती सांगत गेली, शिकाऊ डॉक्टरांना सांगायची तशी, एकेक पायरी, आवाजात माया न आणता. इथे कापायचं. खोल नाही. पातं वर ठेव. हात आत घाल. मिहीर बाजूला वळून ओकला आणि बाहीने तोंड पुसून परत आला. आतड्याच्या वासाने डोळ्यांतून पाणी येत होतं. गोळीने फाटलेल्या पोटातून पिवळे दाणे बाहेर आले. मका. अजून चावलासुद्धा नव्हता, आत्ताच घातलेला.

मिहीरने ते दाणे हातात घेतले आणि बघत बसला. मनगटापर्यंत त्याचे हात लाल होते. लॉजच्या बाजूने सावनीची हाक आली, झालं का म्हणून.

"आई," तो म्हणाला. "गोळी लागल्यावर तो आपल्याकडे येत होता."

"हो."

"का?"

"दुखत होतं. बाटली आणली असेल, असं वाटलं असेल त्याला."

मग मात्र मिहीर रडायला लागला. लहान मुलासारखा, खांदे हलवत, लाल हात अंगापासून लांब धरून. सत्तर वर्षांच्या आईने चाळीस वर्षांच्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवायची ती वेळ होती, आणि तिचा हात उचललाही गेला होता. तिने तो खाली घेतला. आज नाही. आज त्याला हे सगळं लागू दे.

"मागचा पाय धर," ती म्हणाली. "अजून अर्धं काम बाकी आहे."